पंधरा मिनिटांचे स्वराज्य

संगणकाच्या धंद्यातील पुस्तिकेचे परीक्षण दिवाळी अंकात पाहून फराळाला बसलेले वाचक भुवया उंचावतील. पण ज्या घरातील मुलगा वा सून रोज सकाळी कानाला यंत्र लावून ‘स्क्रम’ला बसते, त्या घरात हा विषय कधीच येऊन पोहोचला आहे.

केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांची ‘स्क्रम गाइड’ प्रथम २०१० साली निघाली. स्क्रम हा शब्द रग्बीतला. खेळाडू खांद्याला खांदा भिडवून रेटा देतात, तो. नोव्हेंबर २०२० च्या आवृत्तीत दहा किंवा त्याहून कमी माणसांच्या गटाला लेखकांनी स्वतःचा कारभार स्वतः पाहणारा गट म्हटले आहे. कोणी काय, केव्हा, कसे करायचे, ते गटानेच ठरवावे. ‘स्क्रम मास्टर’ने हे त्यांना शिकवावयाचे, तो मुकादम नव्हे. आपल्याकडे मास्टरचा मास्तर व्हायला वेळ लागत नाही, ही गोष्ट वेगळी!

पुस्तिका पंधरा पानांच्या आत आटोपते आणि शब्दांची उधळपट्टी कोठे नाही. काल काय केले, आज काय करणार, अडचण कोणती, हे रोजच्या बैठकीचे तीन ठराविक प्रश्न या आवृत्तीतून गाळले, हे तर फारच बरे झाले. त्यांचा हजेरीपट झाला होता.

परंतु खरी अडचण पुढेच आहे. शिकवणाऱ्याने शिकवावे हे पुस्तिका सांगते. त्याने गप्प केव्हा बसावे, हे सांगत नाही. गटाला हा अधिकार संस्थेने द्यावयाचा, ही गोष्टही तिने एका वाक्यात उरकली आहे. वरच्यांनी तारीख आधीच कबूल करून टाकली असेल, तर खालच्यांनी कसला कारभार पाहावा?

माझी भाची पुण्यात हे काम करते. २०२१ साली घरूनच काम चाले, तेव्हा दाराआडून मला त्यांची पंधरा मिनिटे ऐकू येत. प्रत्येक जण आपला हिशेब मास्तरांना देई. एकमेकांशी कोणी बोलत नसे. एके दिवशी मास्तरांचीच जोडणी तुटली. मिनिटभर शांतता. मग भाचीने एका सहकाऱ्याला विचारले, “अडलंय कुठे नेमकं?” तो अडखळत बोलू लागला, तिसऱ्याने तोड सुचवली, आणि दोघांनी कामाची अदलाबदल करून टाकली. कोणाची परवानगी नाही की काही नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर हजर झाले आणि त्यांनी विचारले, “ही अदलाबदल कोणाला विचारून केलीत?” भाची “सॉरी, सर” म्हणाली. त्यानंतर पुन्हा हिशेब सुरू झाले.

तो गृहस्थ दुष्ट नव्हता. गट आपल्यावाचून चालू लागला, तर वर्षअखेरीस आपण काय केले म्हणून सांगायचे, ही त्याची धास्ती असावी. त्या धास्तीविषयी पुस्तिकेत अक्षर नाही. पुढील आवृत्तीत लेखकद्वयाने तिच्यासाठी एखादे पान खर्च केले, तर पुस्तिकेचा आटोपशीरपणा खास बिघडणार नाही.