पर्यायी इतिहास, विज्ञानकथेतील

ज्ञात इतिहासातील एखादी निर्णायक घटना निराळ्या रीतीने घडली असती, तर पुढील जग कसे झाले असते, या कल्पनेवर आधारलेला विज्ञानकथेचा एक प्रकार. अशा कथेत एका विशिष्ट क्षणी इतिहासाला फाटा फुटतो आणि तेथून निघालेला दुसरा कालप्रवाह स्वतंत्रपणे वाहत राहतो. जर-तरचा विचार करणाऱ्या ऐतिहासिक निबंधाहून ही कथा वेगळी ठरते, ती तिच्यातील पात्रामुळे. एका प्रवाहातील व्यक्ती दुसऱ्यात शिरली, की तिच्या आठवणी आणि सभोवतालचे जग यांचा मेळ बसेनासा होतो. ओळख, स्मृती आणि निवड ही त्यामुळे या प्रकाराची मुख्य आशयसूत्रे होत.

इंग्रजीत वॉर्ड मूर यांची ब्रिंग द ज्युबिली (१९५३) व फिलिप के. डिक यांची द मॅन इन द हाय कॅसल (१९६२) या कादंबऱ्या विशेष प्रसिद्ध आहेत. ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये पुंज सिद्धांताचा जो अर्थ लावला, त्यातून पुढे अनेक विश्वांची कल्पना रूढ झाली व या कथांना एक वैज्ञानिक आधार लाभला.

मराठीतील या प्रकाराची ठळक कथा म्हणजे जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही होय. ती यक्षांची देणगी (१९७९) या संग्रहात समाविष्ट आहे. तिचे ‘द ॲडव्हेंचर’ हे इंग्रजी रूप अकरावीच्या हॉर्नबिल या पाठ्यपुस्तकामुळे देशभरच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणांगणावर विश्वासराव गोळी लागून पडले व मराठ्यांचा पराभव झाला. कथेतील दुसऱ्या प्रवाहात ती गोळी त्यांच्या कानाजवळून निघून जाते, मराठे विजयी होतात, इंग्रजी सत्तेचा विस्तार खुंटतो आणि मुंबई तेवढी व्यापारापुरती इंग्रजांकडे उरते. अपघातानंतर या जगात येऊन पडलेले इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे मुलाचा शोध घेतात, तेव्हा त्या नावाचा कोणीही कर्मचारी त्याच्या कार्यालयात नसतो. ग्रंथालयात मात्र त्यांच्या स्वतःच्या इतिहासग्रंथाचे पाचही खंड मिळतात. फक्त पाचव्या खंडातील इतिहास त्यांनी लिहिलेला नसतो.

मुलगा नाही, पण ग्रंथ आहे, ही विसंगती कथेचा गाभा म्हणता येईल. ज्याने तो पाचवा खंड लिहिला, तो गंगाधरपंत कोण, हा प्रश्न तिच्यातून आपोआप उभा राहतो; परंतु लेखक त्यावर रेंगाळत नाही. मुलाचे नसणेही शोकाचा विषय होत नाही. गंगाधरपंत पुराव्याकडे वळतात, आणि परतल्यावर त्यांच्या खिशात बखरीचे एक फाटके पान उरते. त्यांची स्मृती खरी की भ्रम, याचा निवाडा ते पानच करते. राजेंद्र देशपांडे हा त्यांचा स्नेही कॅटॅस्ट्रोफी सिद्धांत (लहानशा बदलातून एकाएकी मोठे स्थित्यंतर कसे घडते, याचे गणिती विवेचन) आणि पुंज सिद्धांतातील अनिश्चितता यांच्या साहाय्याने घटनेचा उलगडा करतो. मानवी निवडीला या रचनेत फारसा वाव नाही; इतिहासाची दिशा गोळीच्या किंचित विचलनाने ठरते. गंगाधरपंतांची स्वतःची निवड शेवटी येते. आझाद मैदानावरील सभेत रिकाम्या अध्यक्षीय खुर्चीवर जाऊन बसल्यामुळे त्यांची त्रेधा उडालेली असते, म्हणून यापुढे अध्यक्षपद न स्वीकारण्याचे ते ठरवितात. ‘पानिपत होणे’ या मराठी वाक्प्रचाराचा शीर्षकातील श्लेष येथे सार्थ होतो.

दूरचित्रवाणी मालिकांत नेमका निवडीचा पैलू प्रबळ झालेला दिसतो. स्टार ट्रेक मालिकेच्या ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ (१९६७) या भागात एका शांततावादी स्त्रीचे प्राण वाचल्यास दुसऱ्या महायुद्धात जर्मनी विजयी होणार असते. तिच्यावर प्रेम करणाऱ्या नायकाला तिचा मृत्यू जाणूनबुजून घडू द्यावा लागतो. फ्रिंज (२००८–१३) या मालिकेच्या चौथ्या पर्वात ऑलिव्हियाला पूर्वीच्या प्रवाहातील आठवणी येऊ लागतात, तसतशा तिच्या चालू आयुष्याच्या आठवणी पुसल्या जातात. त्या जाऊ देणे म्हणजे आपले आजचे स्वत्वच सोडणे, हे ठाऊक असूनही ती प्रेमाच्या स्मृतीची निवड करते. डिक यांच्या कादंबरीवरील मालिकेतील (२०१५–१९) तागोमी दुसऱ्या जगात आपली मृत पत्नी जिवंत पाहतो. तेथील आपण चांगले पती नव्हतो, हेही त्याला त्याच वेळी कळते. पात्रे जे विसरतात, ते मालिकेच्या प्रेक्षकाला आठवत असते, आणि या माध्यमाचे सामर्थ्य बरेचसे त्यात आहे. परंतु भाग लांबत गेले आणि मृत पात्रे पर्यायी जगातून पुनःपुन्हा परत येऊ लागली, की कोणतीही हानी अंतिम राहत नाही व निवडीचे गांभीर्य ओसरते.

नारळीकरांची कथा या दोषापासून मुक्त आहे. तिच्यात परतीची वाट एकदाच उघडते व प्रवाह दुरुस्त करण्याचा मोह नायकाला होत नाही. पराभवाची सल समाजमनात दीर्घकाळ असताना विजयाचे केवळ स्वप्नरंजन न करता, तो विजय किती क्षुल्लक योगायोगावर अवलंबून होता, हे ती दाखविते. तथापि बदललेल्या जगात माणूस आपल्या जिवलगांवाचून कोण उरतो, या प्रश्नाची भावनिक बाजू तिने मोकळी ठेवली आहे. उत्तम मालिकांनी ती हाताळली असल्याने हे दोन्ही प्रकार एकमेकांना पूरक ठरतात.