खनिजांचा नकाशा आणि नोकरीचा पत्ता

दहावीचा निकाल लागला की विदर्भातल्या शाळांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "आपला भाग खनिजांनी समृद्ध आहे, मायनिंगचा डिप्लोमा कर, नोकरी पक्की." हे सांगणारे बहुधा आपण शिक्षकच असतो. त्यामागची आस्था खरी असते, पण तर्क कच्चा असतो. या सल्ल्यावर एखाद्या मुलाची तीन वर्षे आणि घरची शिल्लक खर्ची पडते, म्हणून तो तपासून पाहायला हवा.

तर्काचे मूळ आपल्या भूगोल शिकवण्यात आहे. चंद्रपूर-वणीला कोळसा, नागपूर-भंडाऱ्याला मँगनीज, गडचिरोलीला लोहखनिज अशी चिन्हे नकाशात भरली की पाठ संपतो. जमिनीखाली काय आहे, ते चिन्ह सांगते. वर कोणाला, कोणते आणि किती काळ काम मिळेल, हे ते सांगत नाही. १९४८ साली स्थापन झालेल्या भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय नागपुरात आहे; मॉइल आणि वेस्टर्न कोलफील्ड्सही तिथूनच चालतात. पण कार्यालयांच्या पाट्या मोजून जागा मोजता येत नाहीत. त्यासाठी तंत्रज्ञाचे काम टप्प्याटप्प्याने पाहावे लागते.

पहिला टप्पा शोधाचा. यंत्राने भोक पाडून खडकाचा दंडगोल बाहेर काढतात, त्याला गाभा म्हणतात. ३ मीटर छेदल्यावर २.४ मीटर गाभा हाती आला, तर प्राप्ती ८० टक्के. उरलेला भाग कुठे आणि का गेला, तिथे भेग होती की भुसभुशीत थर होता, याची नोंद तंत्रज्ञ ठेवतो. या नोंदींवरच पुढे साठ्याचा अंदाज बांधला जातो. मात्र एका क्षेत्राचे छेदन संपले की तंबू हलतो. घराजवळची नोकरी म्हणून याकडे पाहणाऱ्याची निराशा होणार.

दुसरा टप्पा प्रत्यक्ष खाणीचा. इथे खाण सुरक्षेचे कायदे आणि त्याखालील नियम लागू होतात. मायनिंग सरदार, ओव्हरमन, सर्वेक्षक या जागांसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाचे सक्षमता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी खाणीतला अनुभव आणि परीक्षा हवी; कोळसा खाणीतल्या सरदार-ओव्हरमनला प्रथमोपचार आणि वायुपरीक्षण यांचीही प्रमाणपत्रे लागतात. डिप्लोमा हे पहिले पाऊल झाले, पण आपल्या मार्गदर्शनात पुढची पावले बहुधा गाळलेलीच असतात. शिवाय उत्पादन वाढले म्हणजे माणसे वाढली, असे होत नाही. कोल इंडियाचे ९० टक्क्यांहून अधिक उत्पादन आज उघड्या खाणींतून होते, आणि तिथे मोठे फावडे व डंपर अनेकांचे काम करतात.

तिसरा टप्पा प्रत ठरवण्याचा. १० टनांच्या ट्रकमधून १ किलो नमुना घेतला, तर तो मालाचा दहा हजारावा भाग झाला. त्यावरून सगळ्या मालाचा भाव ठरणार असेल, तर नमुना घेणाऱ्याच्या हाताचे मोल लक्षात येते. खनिजावर जवळपासच प्रक्रिया होत असेल, तर प्रयोगशाळेची आणि कारखान्याची कामे त्या भागात येतात. गडचिरोलीत सुरजागडचे लोहखनिज आणि कोनसरीचा कारखाना यांकडे या दृष्टीने पाहायला हवे.

एकाच खनिजावर विसंबण्याचा धोका गोव्याने अनुभवला आहे. २०१२ मध्ये तिथले लोहखनिजाचे उत्खनन थांबले. पुढे ते मर्यादेत सुरू झाले आणि २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्यावर पुन्हा बंद पडले. जमिनीतले खनिज जागच्या जागी होते. गेला तो रोजगार.

मग मुलांना या वाटेला जाऊच देऊ नये का? हा उलटा सल्लाही तितकाच घाईचा ठरेल. खडक ओळखणे, मोजणी करणे, नमुना घेणे, नोंद ठेवणे ही कौशल्ये भूजल सर्वेक्षणात, बोगद्यांच्या आणि धरणांच्या पायातपासणीतही लागतात. हे आधीपासून ठाऊक असलेला विद्यार्थी एका खाणीवर अवलंबून राहत नाही. मुलींना "हे तुमचे क्षेत्र नव्हे" असे सांगणेही आता चुकीचे आहे. २०१९ मध्येच भूमिगत खाणींतही तांत्रिक व पर्यवेक्षणाच्या कामांवर, दिवसाच्या ठरावीक वेळेत, स्त्रियांची नेमणूक करण्यास परवानगी मिळाली.

तेव्हा सल्ला देण्यापूर्वी विद्यार्थ्यासह चार प्रश्न काढावेत. आपल्या भागातले काम कोणत्या टप्प्यावर आहे? जागा कायम आहेत की कंत्राटी? डिप्लोमानंतर कोणते प्रमाणपत्र लागेल, आणि त्यासाठीचा अनुभव कुठे मिळेल? खाण बंद पडली, तर हेच कौशल्य आणखी कुठे चालेल? उत्तरे जवळच्या खाणीतल्या ओव्हरमनला किंवा सर्वेक्षकाला विचारावीत.

आणि वर्गात एक प्रयोग जरूर करावा. ९०० ग्रॅम तांदळात १०० ग्रॅम मसूर मिसळा. ढीग करा, तो चपटा करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन भाग ठेवा, उरलेले बाजूला काढा. मूठभर उरेपर्यंत हेच करा आणि मग तांदूळ व मसूर निवडून वजन करा. मसूर दहा टक्के आला का? प्रत्येक गटाचे उत्तर थोडे वेगळे येईल. ते का, याचा शोध घेण्यात ज्याला रस वाटेल, त्याच्याशी या व्यवसायाबद्दल अवश्य बोलावे.