मैनेचा उत्तरार्ध

लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांची 'माझी मैना' ही छक्कड आपल्या सीमाभागात ऐकली नाही असा मराठी माणूस सापडणे कठीण. परंतु ती संपूर्ण ऐकलेले किती, असा प्रश्न विचारला तर उत्तर देताना पुष्कळांची अडचण होईल. गणेशोत्सवाच्या ऑर्केस्ट्रात, लग्नाच्या वरातीत आणि शाळांच्या स्नेहसंमेलनात जी मैना आपल्याला भेटते ती बहुधा पूर्वार्धातली असते. तिचे रूप, तिचा बांधा, दागिन्यांची हौस आणि निरोपाच्या वेळची घालमेल. ढोलकी थांबते, टाळ्या पडतात आणि पुढचा कार्यक्रम सुरू होतो. मैना मात्र तिथे संपत नाही.

रचनेकडे नीट पाहावे. छक्कड हा लावणीच्या घरातलाच प्रकार. गावातला एक गरीब माणूस बायकोला मागे ठेवून पोटासाठी मुंबईला निघतो. ताटातुटीचे कारण दैव नाही, सासूचा जाच नाही, परस्त्रीही नाही. कारण दारिद्र्य आहे आणि शाहीर ते सरळ सांगून मोकळा होतो. मग मुंबई येते, तिथली बेकारांची गर्दी येते, आणि त्या गर्दीत हा आणखी एक. त्याच सुमारास संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटते आणि नायक तिच्यात ओढला जातो. शेवटी शाहीर गावाकडे वळून पाहतो. मैनेची भेट झालेली नाही, आणि जी गत मैनेची तीच खंडित महाराष्ट्राची. येथे बेळगाव-कारवारची नावे येतात, डांग-उंबरगावची येतात. ज्या ओळींत आपली नावे आहेत, नेमक्या त्याच ओळी आपल्या मंडपात गाळल्या जाव्यात, याला काय म्हणावे?

कोणी म्हणेल, वेळ नसतो. ते कारण मला पटत नाही. कलावंताच्या पश्चात लोक त्याच्यातले सोयीचे तेवढे घेतात, हे खरे कारण आहे. याचे ताजे उदाहरण २०२३ सालचे. शाहीर साबळे यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी त्यांचे नातू केदार शिंदे यांनी 'महाराष्ट्र शाहीर' हा चित्रपट काढला. अंकुश चौधरी यांची भूमिका, अजय-अतुल यांचे संगीत. चित्रपट एका शाहिराचा; पण मोबाईलच्या पडद्यावर घरोघरी नाचले गेले ते त्यातले एक प्रेमगीत. गाणे गोड आहे, त्याबद्दल तक्रार नाही. त्याच वर्षी साबळे यांच्या कंठातून घुमलेले राजा बढे यांचे 'जय जय महाराष्ट्र माझा' हे राज्यगीत झाले. तेही संक्षिप्त करून, दोन कडव्यांचे.

अण्णाभाऊंच्या वाट्याला याहून मोठा मान आला, म्हणजे कापाकापीही मोठी झाली. १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवे तालुक्यातील वाटेगावी मातंग कुटुंबात जन्म. लोकमान्य टिळक मुंबईत निवर्तले तोच हा दिवस, त्यामुळे शाळांतून एकाच टेबलावर दोन तसबिरी ठेवाव्या लागतात. शाळेत ते जेमतेम दीड दिवस गेले असे सांगतात. (मुख्याध्यापकाला ही गोष्ट विद्यार्थ्यांपुढे सांगताना जरा जपूनच सांगावी लागते!) १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. तमाशातला देवाचा गण बाजूला सारून मातृभूमीला आणि श्रमणाऱ्या माणसाला वंदन करणारा गण त्यांनी आणला. 'फकिरा'ला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले, आणि १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावात हलाखीतच गेले. बार्शीचे अमर शेख, ज्यांना आचार्य अत्रे 'महाराष्ट्राचा मायकोव्हस्की' म्हणत, ते बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला मोटार अपघातात गेले. एकाने लिहिले आणि दुसऱ्याने मैदाने हालवली. दोघेही एकाच पावसाळ्यात गेले.

त्यानंतर सुरू झाला तो उत्तरजन्म. १९८५ साली शासनाने त्यांच्या नावाचे महामंडळ काढले. २००२ साली टपाल तिकीट निघाले. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोतील परकीय साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला. ज्या सोव्हिएत राज्याचे त्यांनी कौतुकाने प्रवासवर्णन लिहिले ते १९९१ सालीच मोडले होते. पुतळा तेवढा पोचला. जयंतीच्या मिरवणुकीत आता भिंती हादरवणारे ध्वनिवर्धक असतात. त्या समाजाला शतकानुशतके रस्त्याच्या कडेने चालायला लावले होते, तेव्हा त्याने एक दिवस रस्त्याच्या मधून नाचत जावे यात मला काही गैर वाटत नाही. पण त्या आवाजात शाहिराचे शब्द ऐकू येत नाहीत, हेही खरे.

शाहिराचा दुसराही एक उत्तरजन्म असतो, आणि तो पाहताना अंगावर काटा येतो. विलास घोगरे हा मुंबईच्या झोपडपट्टीतला गायक. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ सालच्या 'हमारा शहर' या माहितीपटात तो गाताना दिसतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले. चार दिवसांनी घोगरे यांनी गळफास घेतला. पटवर्धन यांनी पुढे चौदा वर्षे खपून 'जय भीम कॉम्रेड' पुरा केला, तो या मृत्यूपासून सुरू होतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) मध्ये तर शाहिराला गाता गाता मंचावरूनच धरून नेतात; त्याच्या गाण्यामुळे एका गटारसफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. नारायण कांबळेची ती भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली आणि त्यातली गाणी संभाजी भगत यांची. चित्रपट संथ आहे, मुद्दाम संथ. तारखेवर तारीख पडलेल्या कोणालाही तो परका वाटणार नाही. मला तो 'महाराष्ट्र शाहीर'पेक्षा मोलाचा वाटतो. याचे कारण एवढेच की त्यात गाणे अर्धे तोडले जाते तेव्हा ते कोणी तोडले हे आपल्याला दिसते. आपल्या मंडपात ते दिसत नाही.

आता पुन्हा मैनेकडे. उत्तरार्ध गाळणारे एका बाजूला, तसे फक्त उत्तरार्ध घेणारेही आपल्याकडे आहेत. जानेवारीत हुतात्मा दिनी आणि १ नोव्हेंबरला शेवटच्या ओळी फलकावर येतात, भाषणात येतात. त्यांचा तेवढा हक्क आहेच. १९५६ चे दुःख काही पुस्तकातले नाही. पण पोटासाठी गाव सोडणारा माणूस वगळला की मैना नुसता नकाशा होते. इतर कवींनी प्रदेशाला माता केले, देवी केले, तिची आरती ओवाळली. अण्णाभाऊंनी तिला मागे राहिलेली बायको केले. देवीची पूजा करून घरी जाता येते. बायकोला तोंड दाखवावे लागते. शिवाय तिला सोडून गेलेला कोण, तर नायक स्वतः. गाणाराही त्या विरहात निम्मा जबाबदार आहे, ही बोच या रचनेत आहे आणि ती कोणत्याही राज्यगीतात सापडणार नाही.

आमच्या जांबोटीसारख्या गावात हे दोन्ही अर्ध एकाच घरात नांदतात. वरच्या अंगाला कणकुंबी, पुढे चोर्ला घाट आणि घाटाखाली गोवा. तरणी मुले तिकडे, नाहीतर पुण्याकडे कामाला गेलेली. घरी आई, बायको, दोन एकर भात. शेजारी कानडी, एखादी सून कानडी, उताऱ्यावरची अक्षरे कानडी. अशा घरात 'दुसऱ्यांची मालकी' हे शब्द ऐकताना शेजाऱ्याकडे बोट दाखवण्याची घाई होते. कलापथकाचा बावटा लाल होता हे तेव्हा आठवावे. गिरणीत त्या शाहिराबरोबर उभा असणारा कामगार कोणत्या भाषेत घाम पुसतो हे त्याने कधी विचारले नाही. त्याची मालकीविषयीची तक्रार वर बसलेल्यांशी होती.

गेल्या वर्षी नववीच्या मुलांनी संमेलनासाठी मैना बसवली, ती संपूर्ण. पूर्वार्धाला नेहमीप्रमाणे शिट्ट्या पडल्या. मुंबई आली तसा मंडप शांत होत गेला. बेळगावचे नाव आले तेव्हा मागच्या रांगेतली म्हातारी माणसे पुढे सरकून बसली. दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीने विचारले, "सर, डांग कुठे आलं?" नकाशा काढला. गुजरातेत, नाशिकला लागून. तिने तिथे बोट ठेवले, मग बेळगाववर ठेवले, आणि म्हणाली, "मग त्यांच्याकडेही ही मैना म्हणत असतील ना?"