क्लिक थ्रीचा चौकोन

समोर कंधारच्या भुईकोट किल्ल्याचा एक प्रिंट आहे. कृष्णधवल, सहा सेंटिमीटरचा चौकोन, निगेटिव्हच्याच मापाचा. कॅमेरा आग्फा क्लिक थ्री.

नजर आधी मधल्या बुरुजावर जाते. तिथे काळ्या दगडांचे सांधे एकेक करून मोजता येतात. बाजूंना सरकावं तशी तटबंदी मऊ होत जाते आणि कोपऱ्यातल्या झाडाची पानं एकमेकांत विरघळतात. खाली खंदकाचं पाणी जवळजवळ काळं. काठावर एक शाळकरी मुलगा उभा आहे. त्याचा चेहरा स्वच्छ आला आहे, पण दप्तराचा पट्टा सावरणारा हात पुसट झाला आहे. चित्रात हललेलं तेवढंच, त्यामुळे हजार वर्षांच्या दगडासमोर तो हात जिवंत वाटतो.

हे सगळं त्या कॅमेऱ्याच्या घडणीतून आलं आहे. शटरचा वेग एकच, सेकंदाच्या साधारण तिसाव्या ते पन्नासाव्या भागाइतका. हलता हात त्यात धरला जात नाही. भिंग साधं, मध्यभागी रेखीव आणि कडांना सैल. महागडं भिंग बुरूज आणि झाड सारख्याच निष्ठेने टिपतं, म्हणून बघणाऱ्याला वाट शोधावी लागते. इथे वाट आखलेलीच आहे. चित्र काढणाऱ्याला मात्र आधी ठरवावं लागतं, मध्यभागी कोण? हा निर्णय घ्यायला लावणं हाच या कॅमेऱ्याचा मोठा गुण.

क्लिक थ्री बडोद्यात बनायचा आणि मध्यमवर्गीय घरांतला तो कित्येकदा पहिलाच कॅमेरा असायचा. त्याचं गणगोत मोठं आहे. कोडॅकने 1900 साली एका डॉलरला ब्राउनी विकायला काढला. साठच्या दशकात हाँगकाँगहून डायना आला, ऐंशीच्या दशकात होल्गा. 1992मध्ये व्हिएन्नातल्या तरुणांनी लोमोग्राफीची चळवळ सुरू केली आणि अशा कॅमेऱ्यांच्या गडद कोपऱ्यांना, फुटलेल्या रंगांना चाहते मिळाले. आपल्याकडे ही चव चाखायला परदेशी होल्गाच हवा असं नाही. माळ्यावरची जुनी पेटी पुरेल.

सुरुवात करताना मागचं झाकण उघडून शटर दाबून बघावं. भिंगातून उजेड लुकलुकला की यंत्र चालू आहे. भिंगावर बुरशी नाही ना, तेही पाहावं. रोल 120चा लागतो, त्यात बारा चित्रं बसतात. मागच्या लाल खिडकीतून आकडा बघत रोल पुढे सरकवायचा. जुन्या काळच्या अनेक फिल्म लाल उजेडाला आंधळ्या असत, आजची पँक्रोमॅटिक फिल्म तशी नाही. म्हणून खिडकीवर काळी चिकटपट्टी लावावी आणि रोल फिरवताना सावलीत उभं राहून तेवढ्यापुरती उचलावी. उन्हात 100 किंवा 125 स्पीडची फिल्म उत्तम. माणूस आठ-दहा फुटांवर ठेवावा, कोपर अंगाला टेकवावेत आणि श्वास रोखून बटण दाबावं.

या कॅमेऱ्याला ऊन लागतं आणि मराठवाड्यात त्याला तोटा नाही. फक्त वेळ निवडावी. माथ्यावरच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. सकाळी आठ-नऊला तेच ऊन तिरकं येऊन दगडाला उठाव देतं. लातूरची गंजगोलाई तर प्रकाशाची शाळाच आहे. सोळा रस्ते तिथे मिळतात, त्यामुळे एकाच फेरीत समोरचा, बाजूचा आणि पाठीमागून येणारा असे तिन्ही प्रकाश शिकता येतात. नांदेडला गोदावरीच्या घाटावर पाण्यावरून परतणारा उजेड सावलीतले चेहरे अलगद उजळतो. साधं भिंग असा उजेड फार सुंदर टिपतं.

रोल धुणं घरीही जमतं. काळी पिशवी, टाकी, डेव्हलपर आणि हायपो एवढाच सरंजाम. खरी अडचण तापमानाची. डेव्हलपरच्या वेळा बहुधा वीस अंशांसाठी दिलेल्या असतात आणि मे महिन्यात नांदेडच्या नळाला कोमटच पाणी येतं. बर्फाने थंड केलेल्या पाण्याच्या घमेल्यात रसायनांच्या बाटल्या ठेवाव्यात. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकला तर डेव्हलपर पातळ होतो. थर्मामीटर पाहिल्याशिवाय रोलला हात लावू नये.

क्लिक थ्रीचं चित्र दुय्यम दर्जाचं नाही. मोबाइलने काढलेल्या शंभर चित्रांत जी निवड नंतर करावी लागते, ती इथे बटण दाबण्याआधीच झालेली असते आणि चित्रात ती दिसते. घरात असा कॅमेरा पडून असेल तर तो भंगारात घालू नका. एक रोल आणा आणि बारा चित्रं आपल्याच गावाची काढा.