काकासाहेब कालेलकरांच्या हिमालयातली चढण

मंडळी, आजचं पुस्तक गुजरातीतलं आहे. काकासाहेब कालेलकरांचं ‘हिमालयनो प्रवास’, प्रसिद्धी १९२४. पण लिहिणारा माणूस साताऱ्यात जन्मलेला, मातृभाषा मराठी. तेव्हा त्यावर आपला हक्क आहेच.

आधी प्रवासाचं साल बघा, १९१२. बडोद्याचं गंगनाथ विद्यालय, जिथं कालेलकर शिकवत होते, सरकारच्या दडपणामुळे त्याच साली बंद पडलं. शाळा गेलेला हा मास्तर स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर यांच्यासोबत हिमालयात पायी फिरला. यमुनोत्री, गंगोत्री, केदार, बद्री.

केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर, आपलं सोलापूर साडेचारशेच्या आसपास. पण नुसत्या आकड्यानं ही चढण कळत नाही. गिर्यारोहक एक शिखर ठरवून जातो, ते झालं की परततो. पायी यात्रेकरूचं तसं नसतं. चढायचं, दर्शन घ्यायचं, दरीत उतरायचं, की पुढची चढण उभीच. गंगोत्रीहून केदारला जाणाऱ्या जुन्या पायवाटेवर पंवालीची चढण होती. दमछाकीसाठी नावाजलेली, आणि माथ्यावर चार धामांपैकी एकही नाही! आपल्या वारकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. दिवेघाट चढून झाला म्हणून वारी संपत नाही, पंढरपूर अजून लांब असतं.

कालेलकरांचं बळ मला इथं दिसतं. त्यांच्या लेखनात डोंगर ‘सर’ केल्याचा आव नाही. डोंगर वाटेत येतो, ते त्याच्याकडे बघतात, पुढे चालतात. सतत चालणाऱ्या माणसाची ही नजर आहे.

आता माझी तक्रार. हे लेखन प्रवासानंतर काही वर्षांनी, साबरमती आश्रमाच्या हस्तलिखित मासिकासाठी सुरू झालं. म्हणजे समोर आश्रमातली मुलं. बंद पडलेली शाळा मास्तरांना इथं परत मिळाली म्हणा ना. पण विद्यार्थी समोर असला की प्रत्येक वळणावर धडा काढायचा मोह होतो. मग लागलेली धाप, सुजलेले पाय, ओलं अंथरूण मागे पडतं आणि संस्कृतीचं चिंतन पुढे येतं. चढणीचा शीण वाचकाच्या अंगापर्यंत यायच्या आतच तिचा अर्थ सांगून होतो. मला ही पुस्तकातली खरी उणीव वाटते.

तरी एक गोष्ट विसरता येत नाही. हा माणूस वर राहिला नाही. खाली आला, १९१५ साली शांतिनिकेतनात गांधीजींना भेटला आणि पुन्हा मुलांना शिकवायला लागला. हल्ली आपली मुलं पाठीवर सॅक घेऊन महिनोन्‌महिने हिमालयात फिरतात. चांगलंच आहे. त्यांनी हे पुस्तक जरूर वाचावं, उपदेश वाटेल तिथं पान उलटावं, पण १९१२च्या आधी आणि नंतर या माणसानं काय केलं, तेही सोबत वाचावं.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.