ग्रंथचौर्य, राजसत्ता आणि व्यापार

चिनी लोक नक्कल करण्यांत पटाईत असतात, दुसऱ्याच्या बुद्धीच्या मालमत्तेची त्यांना चाड नसते, हा समज आज इतका रूढ झाला आहे कीं, त्याला पुरावा विचारण्याचें कोणाला सुचतहि नाहीं. सामान्य माणूस हा दोष स्वभावाचा मानतो. थोडेंबहुत वाचलेला माणूस त्याला कन्फ्यूशियसाचा आधार देतो. ज्या संस्कृतींत पूर्वसूरींचें अनुकरण हाच विद्येचा श्रीगणेशा, तिच्यांत नकलेला चोरी कोण म्हणणार, असा त्याचा कोटिक्रम असतो. हा कोटिक्रम ऐकावयास गोड आहे, आणि म्हणूनच तो तपासून पाहणें अवश्य आहे. कारण या एका समजाच्या आधारावर गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत राष्ट्राराष्ट्रांत मोठमोठीं व्यापारी भांडणें झालीं आहेत, जकाती बसल्या आहेत, आणि करारमदारहि झाले आहेत.

या तपासणीच्या कामीं उपयोगी पडतील असे दोन इंग्रजी ग्रंथ आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. पहिला, हार्वर्ड विद्यापीठांतील कायद्याचे अध्यापक विल्यम ऑल्फर्ड यांचा, १९९५ सालीं प्रसिद्ध झालेला 'टु स्टील अ बुक इज अ‍ॅन एलिगंट ऑफेन्स'. पुस्तक चोरणें हा सुसंस्कृत अपराध होय, असा या नांवाचा अर्थ. दुसरा, इतिहाससंशोधिका फेइ-श्येन वांग यांचा २०१९ सालचा 'पायरेट्स अँड पब्लिशर्स'. पहिला ग्रंथ कायदेपंडिताचा आहे व दुसरा इतिहासकाराचा. दोहोंत चोवीस वर्षांचें अंतर आहे; आणि त्या अवधींत चीन इतका पालटला कीं, पहिल्या ग्रंथाचें परीक्षण कालानेंच करून ठेवलें आहे.

प्रथम नांवाविषयीं. तें वाचतांच चिनी वाङ्मयाच्या जाणकारांस लू शुन याची 'कुंग यी-ची' ही १९१९ सालची कथा आठवते. परीक्षांत कधींच यश न आलेला, गुत्त्यांत उधारीवर पिणारा एक दरिद्री पंडित पुस्तकें लांबवितो, आणि विद्वानाच्या हातून घडलें म्हणजे तें चौर्य नव्हे, असें गंभीरपणें सांगतो. गुत्त्यांतील गिऱ्हाइकें त्याला हसतात. शेवटीं एका प्रतिष्ठिताच्या घरीं चोरी केल्याबद्दल त्याचे पाय मोडले जातात. म्हणजे पंडिताचा युक्तिवाद त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांस मान्य नव्हता, हाच त्या कथेचा दाखला. शिवाय दुसऱ्याच्या कपाटांतील पुस्तक उचलणें निराळें आणि त्यांतील मजकूर छापून विकणें निराळें. नांव चटकदार आहे खरें. परंतु ग्रंथ न वाचतां नांवच उद्धृत करणाऱ्यांनीं त्यापासून भलताच बोध घेतला आहे.

कारण ऑल्फर्ड यांचा खरा सिद्धांत स्वभावाचा नसून सत्तेचा आहे. प्राचीनांच्या अनुकरणाचें माहात्म्य ते वर्णन करतात. पण त्यांचा मुख्य भर आहे तो राजसत्तेच्या वृत्तीवर. थांग घराण्याच्या सम्राटानें ८३५ सालीं पंचांगें खाजगी रीतीनें छापण्यास बंदी केली, ती कोणा ज्योतिष्याच्या पोटावर पाय येऊं नये म्हणून नव्हे. कालगणना हें सम्राटाच्या दैवी अधिकाराचें लक्षण होतें. तें भलत्याच्या हातीं जाऊं द्यावयाचें नव्हतें. पुढें सुंग काळांत, बाराव्या शतकाच्या अखेरीस, मेइशान येथील चंग घराण्यानें छापलेल्या एका इतिहासग्रंथांत, हा ग्रंथ सरकारांत नोंदला असून इतरांनीं तो छापूं नये, अशा अर्थाची सूचना आढळते. वरवर पाहतां हा आजचा ग्रंथस्वामित्वाचा हक्कच वाटतो. ऑल्फर्ड म्हणतात, तसें नाहीं. तो हक्क नव्हे, प्रसाद होय. काय छापलें जावें हें सरकार ठरवी, आणि त्या व्यवस्थेंत राहणाऱ्या प्रकाशकाला ओघानेंच थोडें संरक्षण मिळे. हक्क आणि प्रसाद यांतील हा भेद ग्रंथाचा प्राण आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभाचीं प्रकरणें विशेष वाचनीय आहेत. बॉक्सर बंडानंतर दुबळ्या झालेल्या चीनकडून इंग्लंडनें १९०२ सालीं, आणि अमेरिका व जपान यांनीं १९०३ सालीं व्यापारी तह करून घेतले; त्यांत परक्यांच्या व्यापारचिन्हांस संरक्षण देण्याचें कलम होतें. अमेरिकेच्या तहांत ग्रंथांचाहि उल्लेख होता, पण खास चिनी लोकांच्या उपयोगासाठीं तयार केलेल्या ग्रंथांपुरताच. १९०४ सालीं व्यापारचिन्हांच्या नोंदणीचे नियम तयार झाले, आणि ते कोणास किती सोयीचे यावर परकी राष्ट्रांतच तंटा लागून अडून बसले! ग्रंथस्वामित्वाचा पहिला कायदा १९१० सालचा. पुढच्याच वर्षीं क्रांति होऊन राजघराण्याचा अंत ओढवला. व्यापारचिन्हांचा खरा कायदा १९२३ सालीं आला, आणि पेटंटांचा १९४४ सालीं. तोफेच्या धाकानें आणलेला कायदा कागदावर उमटतो, मनांत रुजत नाहीं, हा ऑल्फर्ड यांचा निष्कर्ष या हकिगतीवरून सहज पटतो.

मात्र येथेंच त्यांच्या विवेचनांतील उणीवहि दिसूं लागते. कायदेपंडिताची दृष्टि कायद्याच्या पुस्तकापलीकडे सहसा जात नाहीं. चीनमध्यें या हक्काचें देशी रूप निर्माण झालें नाहीं असें ते म्हणतात, तेव्हां तें त्यांनीं मुख्यतः सरकारदरबारीं शोधलेलें असतें. श्रीमती वांग यांनीं तें बाजारांत शोधलें, आणि त्यांना तें सांपडलें.

जपानी विचारवंत फुकुझावा युकिची यानें इंग्रजी 'कॉपीराइट'साठीं बनविलेला शब्द चिनी लोकांनीं 'बान-च्युआन' या उच्चारानें उचलला. त्याचा शब्दशः अर्थ, छपाईच्या ठशांवरचा हक्क. लाकडी ठसे ज्याच्या मालकीचे, ग्रंथ त्याचा, ही पुस्तकविक्यांची जुनी समजूत या नव्या शब्दांत आयतीच बसली. दुसऱ्या बाजूनें, ग्रंथ हा लेखकाच्या श्रमाचें फळ आहे, हा नवा विचार येन फू यानें मांडला. ॲडम स्मिथ व हक्स्ले यांना चिनी भाषेंत आणणारा हा मोठा भाषांतरकार. १९०३ सालीं कमर्शियल प्रेसशीं त्यानें केलेल्या करारांत त्याच्या हक्काची चिठी लावूनच प्रती विकावयाच्या, अशी तजवीज होती. किती प्रती खपल्या हें लेखकाला कळावें कसें, या अडचणीवर याहून साधा उपाय कोणता? पुढें १९०५ सालीं स्थापन झालेल्या शांघायच्या पुस्तकविक्यांच्या संघानें आपली स्वतंत्र नोंदवही ठेवली, चोरट्या छपाईच्या तक्रारी ऐकून निवाडे दिले. आणि १९३० नंतरच्या दशकांत बीजिंगमधील चोरट्या छापखान्यांच्या मागावर आपलीं माणसेंहि घातलीं. सरकारचा कायदा निजलेला असतां व्यापाऱ्यांचा कायदा जागा होता. श्रीमती वांग यांनीं संघाच्या जुन्या दप्तरांतून उभें केलेलें हें चित्र इतकें सजीव आहे कीं, चिनी माणसाला बुद्धीच्या मालमत्तेची कल्पनाच नव्हती असें यापुढें कोणी म्हणूं नये.

असें असलें तरी या चित्राला भुलून जाऊं नये. संघाचें राज्य सभासदांपुरतें. आणि परक्यांच्या पुस्तकांविषयीं या सचोटीच्या व्यापाऱ्यांची नीति निराळी होती. येन फूशीं इतका चोख करार करणाऱ्या कमर्शियल प्रेसवरच वेब्स्टरच्या कोशाच्या प्रकरणीं त्याच्या अमेरिकन प्रकाशकानें १९२३ सालीं शांघायच्या मिश्र न्यायालयांत फिर्याद केली होती. ही विसंगति चिनी नव्हे, मानवी आहे. अमेरिकेच्या १७९० च्या कायद्यानें ग्रंथस्वामित्वाचें संरक्षण दिलें तें फक्त आपल्या नागरिकांस व रहिवाशांस. इंग्रज लेखकांचीं पुस्तकें तेथें शंभर वर्षें राजरोस छापलीं गेलीं; १८४२ सालीं डिकन्स तेथें जाऊन तक्रार करून आला, तर तेथील वृत्तपत्रांनीं त्यालाच लोभी ठरविलें. १८९१ सालीं कायदा बदलला, तो अमेरिकेस आपले लेखक व आपला ग्रंथव्यापार सांभाळण्याची गरज भासूं लागली तेव्हां. ज्याच्या पेटींत कांहीं नाहीं त्याला कुलपाचें महत्त्व पटत नाहीं. पेटी भरली कीं तोच किल्ली कमरेला लावून फिरतो.

आतां अलीकडच्या व्यापाराकडे वळूं. साम्यवादी चीननें १९८२ सालीं व्यापारचिन्हांचा, १९८४ सालीं पेटंटांचा व १९९० सालीं ग्रंथस्वामित्वाचा कायदा केला. तरीहि १९९१ सालीं अमेरिकेनें बौद्धिक मालमत्तेच्या बाबतींत जीं राष्ट्रें मुख्य अपराधी ठरविलीं, त्यांत चीन व थायलंड यांच्या पंक्तीस आपला देशहि होता, हें आमच्या वाचकांनीं लक्षांत ठेवावें. १९९५ च्या फेब्रुवारींत तर एक अब्ज डॉलरांहून अधिक किंमतीच्या चिनी मालावर शेंकडा शंभर जकात बसविण्याची धमकी देऊन अमेरिकेनें करार पदरांत पाडून घेतला. ऑल्फर्ड यांचा ग्रंथ नेमका त्याच वर्षींचा. हीं दडपणें १९०३ च्या तहांचीच नवी आवृत्ति आहेत, आणि प्रजेला सरकाराविरुद्ध हक्क सांगतां येईल अशी राज्यव्यवस्था येईपर्यंत तीं निष्फळ ठरतील, असा त्यांचा इशारा होता. तैवानचें उदाहरणहि त्यांनीं दिलें आहे. तेथें १९८७ सालीं लष्करी कायदा उठला, देशी उद्योजकांपाशीं जपण्याजोगें कांहीं जमलें, आणि कालचे नकलाकार आजचे मालक बनले.

हें भाकीत कितपत खरें ठरलें? आमच्या मतें तें मधोमध दुभंगलें. यंत्रें व शोध यांच्या बाबतींत तें चुकलें. राज्यव्यवस्था तीच राहिली, तरी मालक निर्माण झाले. २००७ सालीं वेन्चौ येथील न्यायालयानें चिंट या चिनी कंपनीच्या फिर्यादीवरून श्नायडर या फ्रेंच कंपनीच्या तेथील शाखेस ३३ कोटी युआनांहून अधिक भरपाई देण्यास फर्माविलें. २००९ सालीं तडजोड होऊन १५ कोटी ७५ लक्ष युआनांवर भागलें. २०१४ सालीं बीजिंग, शांघाय व ग्वांगचौ येथें या दाव्यांसाठीं खास न्यायालयें निघालीं. २०१९ सालीं आंतरराष्ट्रीय पेटंट-अर्जांच्या संख्येंत चीननें अमेरिकेस मागें टाकलें. सरकारी बक्षिसांमुळें फुगलेले अर्ज यांत पुष्कळ आहेत, हें मान्य करूनहि प्रवाहाची दिशा स्पष्ट आहे. २०२० सालीं तर चीनच्या सर्वोच्च न्यायालयानें एका परकी पेटंटधारकास जर्मन न्यायालयाचा निवाडा अंमलांत आणण्यास मनाई केली, व ती मोडल्यास रोज १० लक्ष युआन दंड ठेवला! अशा मनाई-हुकुमांविरुद्ध युरोपीय संघ २०२२ सालीं जागतिक व्यापार संघटनेकडे धांवला. पूर्वी तक्रार होती कीं चीनपाशीं कायदा नाहीं. आतां तक्रार अशी कीं त्याचा कायदा सीमेबाहेर हात पसरतो. अमेरिकेनें २०१८ पासून बसविलेल्या जकाती व २०२० च्या जानेवारींतील करार यांना अजूनहि जुन्या तक्रारीचाच वास येतो. त्या करारांतील पहिलें प्रकरण याच विषयाचें आहे.

पण ग्रंथांच्या बाबतींत ऑल्फर्ड यांचें म्हणणें अक्षरशः खरें ठरलें. १९९० च्या चिनी कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणें, ज्या कृतीच्या प्रकाशनास बंदी असेल तिला संरक्षणच नव्हतें. २००७ सालीं अमेरिकेनें नेलेल्या वादांत जागतिक व्यापार संघटनेच्या पंचांनीं २००९ सालीं हें कलम कराराशीं विसंगत ठरविलें, आणि २०१० सालीं चीननें तें बदललें. त्यांतून निष्पन्न काय झालें? बंदी घातलेल्या पुस्तकाच्या लेखकास आज हक्क आहे; फक्त पुस्तक नाहीं. काय छापावें हें ठरविण्याची सरकारची सत्ता पंचांनीं नाकारली नव्हती, आणि ती जशीच्या तशी उभी आहे. याचा व्यापारावर होणारा परिणामहि विसरतां कामा नये. चित्रपटांचें उदाहरण घ्या. व्यापार संघटनेंत २००१ सालीं प्रवेश केल्यानंतर नफ्याच्या वाटणीवर येणाऱ्या परकी चित्रपटांची मर्यादा वर्षास वीस होती. २०१२ सालीं ती चौतीस झाली. पुढच्या दारानें इतकेच येणार असतील, तर बाकीचे मागच्या दारानें येतात, आणि त्या दारावर उभा असतो तो चोरटा विक्रेता. चोरी करणाऱ्यास सरकार शिक्षा करतें खरें. पण त्याचें गिऱ्हाईक वाढविणारेंहि सरकारच असतें.

तेव्हां या दोन ग्रंथांचा एकत्र विचार केला असतां निघणारा निर्णय असा. संस्कृतीच्या नांवानें सांगितलें जाणारें कारण टिकत नाहीं; श्रीमती वांग यांच्या पुस्तकविक्यांनीं तें खोडून काढलें आहे. केवळ परक्या दडपणानें कायदा रुजतो हेंहि खरें नव्हे. त्याला देशी हितसंबंधांची माती लागते. आणि हितसंबंध पुरेसे आहेत हें म्हणणेंहि अर्धेंच. यंत्राच्या शोधावरचा हक्क राजसत्तेनें प्रसाद म्हणून दिला तरी चालतो. कारण यंत्र राजसत्तेस सहसा प्रश्न विचारीत नाहीं. पुस्तक विचारतें. म्हणून ज्या देशांत छापण्याची परवानगी हा प्रसाद आहे, तेथें छापलेल्याचा हक्क हाहि अखेर प्रसादच राहतो, मग कायद्याचीं कलमें कितीहि निर्दोष असोत.

ऑल्फर्ड यांचा ग्रंथ कांहींसा रुक्ष आहे, आणि टीपांचा भार वाचकास दमवितो. श्रीमती वांग यांचा अधिक रसाळ, परंतु त्या साम्यवादी राजवटीच्या आरंभींच्या वर्षांपाशीं थांबतात; आजच्या व्यापाराचा धागा वाचकास स्वतःच जोडावा लागतो. तरीहि दोन्ही वाचावेत, आणि याच क्रमानें वाचावेत. ग्रंथस्वामित्वाचा कायदा ही वकील व प्रकाशक यांच्या व्यवहाराची बाब आहे, असें समजणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांतील मंडळींस त्यांतून कळेल कीं, आपल्या कपाटांतील पुस्तक कोणाच्या कृपेनें तेथें आलें, हा प्रश्न लेखकाइतकाच वाचकाचाहि आहे.