रंग गेला, प्रदूषक गेला काय? : विद्युत्-रासायनिक ऑक्सिडीकरणावरील संशोधनलेखनाची चिकित्सा

प्रास्ताविक

रंगाचे पाणी चंचुपात्रात घ्यावे, त्यात दोन विद्युदग्रे बुडवावीत, थोडे मीठ टाकावे आणि वीज सोडावी. काही वेळात पाणी निवळते. आपल्या महाविद्यालयांतील रसायनशास्त्र विभागांना हा प्रयोग चांगलाच परिचित आहे. विज्ञान प्रदर्शनात तो भेटतो आणि पीएच.डी.च्या प्रबंधातही भेटतो. प्रबंधाच्या अखेरीस 'नव्वद टक्क्यांहून अधिक निर्मूलन' असे विधान येते. निर्मूलन नेमके कशाचे झाले, हे मात्र मौखिक परीक्षेतही क्वचितच विचारले जाते. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाच्या आधारे या विषयावरील संशोधनलेखनाची चिकित्सा केली आहे. पद्धतीचे सामर्थ्य प्रस्तुत लेखकाला मान्य आहे. आक्षेप आहे तो तिच्या नावावर केल्या जाणाऱ्या दाव्यांवर.

रूपांतर आणि ज्वलन

या विषयाच्या अभ्यासकाला ख्रिस्तोस कॉम्निनेलिस यांचा १९९४ चा शोधनिबंध टाळता येत नाही. लोझान येथील या संशोधकाने धनाग्राच्या पृष्ठभागावर काय घडते, याची मांडणी 'रूपांतर' आणि 'ज्वलन' या दोन संज्ञांच्या आधारे केली. पाण्याचा रेणू धनाग्राला इलेक्ट्रॉन देतो, तेव्हा हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो. धनाग्र इरिडियम किंवा रुथेनियम ऑक्साइडचे असेल तर या मूलकातील ऑक्सिजन ऑक्साइडच्या जालकातच शिरतो व त्याची आक्रमकता मंदावते. परिणामी सेंद्रिय रेणूचे फक्त रूपांतर होते. टिन डायऑक्साइडसारख्या धनाग्रावर मूलक पृष्ठभागाला सैलपणे चिकटून राहतो आणि सेंद्रिय रेणूला कार्बन डायऑक्साइडपर्यंत जाळत नेतो. पुढे या दोन गटांना 'सक्रिय' व 'असक्रिय' धनाग्रे ही नावे रूढ झाली. बोरॉनमिश्रित हिऱ्याचे धनाग्र हे दुसऱ्या गटातील आज सर्वांत ख्यातनाम उदाहरण होय. (ज्याने प्रदूषक समूळ जाळावा त्याला 'असक्रिय' म्हणावे, हा परिभाषेचा विनोदच म्हणावा लागेल.)

हा भेद केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. फिनॉलचे बेंझोक्विनोन होण्यास प्रत्येक रेणूमागे ४ इलेक्ट्रॉन पुरतात, तर त्याच रेणूचे पूर्णपणे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होण्यास २८ इलेक्ट्रॉन लागतात. म्हणजे सातपट वीज. चौथ्या इलेक्ट्रॉनपाशी थांबलेला संशोधकही 'फिनॉल नष्ट झाले' असे लिहू शकतो आणि ते विधान शब्दशः खोटे नसते. पात्रात मात्र फिनॉलच्या जागी जलचरांना त्याहून घातक असे क्विनोन उरलेले असते.

कॉम्निनेलिस यांच्या मांडणीतही एक जागा चिकित्सक वाचकाने थांबून पाहावी अशी आहे. हायड्रॉक्सिल मूलकाच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून त्यांनी नायट्रोसोडायमिथिलअॅनिलीन या पिवळ्या रंगद्रव्याचे विरंजन वापरले. हे रंगद्रव्य क्लोराइडयुक्त पाण्यात हायपोक्लोराइटमुळेही फिके पडते, हे पुढील अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे. मूळ निबंधाचे महत्त्व त्यामुळे उणावत नाही. पण मीठ टाकून केलेल्या प्रयोगात हीच कसोटी लावून 'मूलक सिद्ध झाला' असे लिहिणाऱ्यांचा आधार त्यामुळे निसटतो.

मिठाचा हस्तक्षेप

आपल्याकडील बहुसंख्य प्रयोगांत मीठ असते. त्याने पाण्याची विद्युत्-वाहकता वाढते, व्होल्टता कमी लागते आणि रंग झपाट्याने जातो. रंग जातो तो मुख्यतः धनाग्रावर निर्माण झालेल्या क्लोरीनमुळे व हायपोक्लोराइटमुळे. अॅझो रंगद्रव्यातील दोन नायट्रोजन अणूंमधील बंध तुटला की डोळ्यांना दिसणारा रंग संपतो. बेंझीन व नॅफ्थलीनची वलये मात्र शिल्लक राहतात आणि त्यांवर क्लोरीनचे अणू बसतात. धोबी हेच काम ब्लीचिंग पावडरने करतो व त्याला प्रदूषण-निर्मूलन म्हणत नाही. शिवाय क्लोराइडचे ऑक्सिडीकरण हायपोक्लोराइटपाशी थांबत नाही. ते क्लोरेट आणि, विशेषतः हिऱ्याच्या धनाग्रावर, परक्लोरेटपर्यंत जाते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी क्लोरेटची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे ०.७ मिलिग्रॅम आणि परक्लोरेटची ०.०७ मिलिग्रॅम ठेवली आहे. म्हणजे प्रदूषक जाळण्यास जे धनाग्र सर्वांत समर्थ, तेच मिठाच्या पाण्यात नवा प्रदूषक घडविण्यासही समर्थ ठरते.

यावर 'मग मीठ टाकू नये' असे उत्तर सुचते. प्रयोगशाळेत ते ठीक आहे. तेथे सोडियम सल्फेट वापरता येते. इचलकरंजी किंवा सोलापूरच्या प्रक्रिया उद्योगात मात्र मीठ आपण टाकण्यापूर्वीच पाण्यात असते, कारण सुती कापडावर रिअॅक्टिव्ह रंग चढविताना मिठाचा सढळ वापर होतो. म्हणून सल्फेटमधील कृत्रिम द्रावणावर मिळविलेले निष्कर्ष या पाण्याला लावता येत नाहीत. इचलकरंजीचे पाणी पंचगंगेला मिळते आणि पंचगंगा नृसिंहवाडीस कृष्णेला. पाणी निवळलेले दिसले की त्याच्याविषयी तक्रार करणारा डोळाही उरत नाही, हे ध्यानी घेतले पाहिजे.

मोजमाप

रंगाऐवजी रासायनिक ऑक्सिजन मागणी मोजली की शंका फिटते, असा समज आहे. परंतु उरलेले हायपोक्लोराइट सोडियम सल्फाइटने आधी नष्ट केले नाही, तर ते परीक्षणाच्या उष्ण आम्लात सेंद्रिय पदार्थांशी क्रिया करते आणि मागणी प्रत्यक्षाहून कमी दिसते. एकूण सेंद्रिय कार्बनचे मापन अधिक विश्वासार्ह खरे. पण त्याच्या प्रचलित रीतीत नमुना आम्ल करून त्यातून वायू बुडबुडत सोडला जातो. या बुडबुड्यांबरोबर क्लोरोफॉर्मसारखे बाष्पशील पदार्थ निघून जातात व कार्बन 'घटला' असे नोंदले जाते. ग्रॅफाइटचे धनाग्र वापरणाऱ्यांनी तर आणखी एक गोष्ट पाहावी: ते स्वतःच झिजत असते, म्हणून बाहेर पडलेला सारा कार्बन डायऑक्साइड प्रदूषकाचाच असेल असे नाही.

विजेचा हिशेब

एक किलो ऑक्सिजन मागणी भागविण्यास १२५ मोल इलेक्ट्रॉन, म्हणजे सुमारे ३,३५० अँपिअर-तास लागतात. ५ व्होल्ट धरले आणि एकही इलेक्ट्रॉन वाया गेला नाही असे मानले, तरी हे सुमारे १७ युनिट होतात. विद्युत्धारेची कार्यक्षमता २५ टक्के असल्यास ६७. जैविक प्रक्रियेत हवा घोटताना एका युनिटमध्ये एक ते दोन किलो ऑक्सिजन पाण्यात विरघळविता येतो. प्रदूषकाची संहती उतरते तसा तो धनाग्रापर्यंत पोहोचण्याचा वेग मंदावतो व वीज केवळ ऑक्सिजनचे बुडबुडे काढण्यात खर्च होते. अनेक प्रबंधांत खर्च 'घनमीटरमागे' दिला जातो. पातळ कृत्रिम द्रावणासाठी तो आकडा लहानच दिसणार.

म्हणून सूक्ष्मजीव जे पचवू शकतात ते त्यांना पचवू द्यावे आणि जे त्यांच्याने होत नाही तेवढ्यासाठीच वीज खर्चावी, हेच या पद्धतीचे रास्त स्थान ठरते. पाण्यातील दीर्घायुषी फ्लुओरोसंयुगे हे त्याचे एक उदाहरण. दुसरे, व्यस्त परासरणानंतर उरणारे सांद्र पाणी. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शून्य-विसर्गाची अट न पाळणारे तिरुपूरचे रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. या अटीमुळे असे सांद्र पाणी हाताळणे हा तेथे रोजचा प्रश्न होऊन बसला. तेथेही क्लोराइड मुबलक असते आणि क्लोरीनयुक्त सेंद्रिय पदार्थ किती तयार झाले हे मोजावेच लागते. त्यासाठीची अधिशोषणक्षम सेंद्रिय हॅलोजनांची प्रमाणित कसोटी लिटरमागे १ ग्रॅमपर्यंतच्या क्लोराइडला चालते. त्यापुढे नमुना विरल करावा लागतो आणि विरल करता करता शोधावयाचा पदार्थच उपकरणाच्या टप्प्याबाहेर जाण्याची शक्यता असते.